मुलीला स्कोलिओसिस आहे, म्हणजे कणा बाजूला वाकलाय. ऑपरेशनआधी कॉम्प्युटरवर कण्याचं मॉडेल करून घेण्याचा खरंच फायदा होतो का? हॉस्पिटलने त्याचे वेगळे पैसे सांगितलेत.

होतो. पण तुम्हाला जे विकतायत त्याचा होईल का, हे त्या रिपोर्टात काय असणार यावर आहे.

खाली एकाने लिहिलंय, "हा सगळा व्हिडिओ गेम आहे, पैसे उकळायचे धंदे." ते वाचून राहवलं नाही, म्हणून लिहितोय. मी काही वर्षं पोटापाण्यासाठी हेच काम केलंय. आधी चाकणला गाड्यांच्या पार्टचं मेशिंग करायचो, म्हणजे ताण मोजायला कॉम्प्युटरवर पार्टचे बारीक तुकडे पाडायचो, मग मणक्यांवर आलो. पुण्यातले सीएईवाले (कॉम्प्युटरवर पार्ट तपासणारे इंजिनिअर) कंट्रोल आर्म, म्हणजे गाडीच्या चाकामागचा दांडा, करता करता म्हातारे होतात, माझ्या नशिबी एल४, म्हणजे कमरेचा चौथा मणका, आला.

कॉब अँगल (बाक किती अंशांचा ते), ब्रेस (बाहेरून बांधायचा पट्टा), ऑपरेशन कधी करायचं वगैरे तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं असेलच, त्यात जात नाही.

मॉडेल करायचं म्हणजे पहिल्यांदा सीटीच्या स्लाइसमधून हाड वेगळं काढायचं. सॉफ्टवेअर म्हणतं, २२६ हाउन्सफिल्डच्या (सीटीतलं घनतेचं माप) वर सगळं हाड. पण फॅसेट जॉइंटपाशी, म्हणजे मणक्यांच्या मागच्या छोट्या सांध्यांपाशी, वरचा आणि खालचा मणका इतके खेटून असतात की दोघांचा मिळून एकच गोळा तयार होतो. मग झूम करून एकेका स्लाइसवर माउसने मधली फट कोरत बसायचं. त्यात स्कोलिओसिस असेल तर बाकाच्या मधोमधचे मणके नुसते कललेले नसतात, ओला टॉवेल पिळावा तसे फिरलेले असतात. आणि आतल्या बाजूचं पेडिकल, म्हणजे हाडाच्या ज्या बोळातून स्क्रू जायचा तोच, नेमका अरुंद झालेला असतो. पलीकडे मज्जारज्जू. हल्ली एआय हे काम पटकन करतं, टोटलसेगमेंटेटरसारखी फुकट साधनंही आहेत, तरी अशा ठिकाणी शेवटी माणसालाच डोळे फोडावे लागतात. स्क्रू कुठून, किती जाडीचा, किती लांबीचा, एवढं ठरवायला जरी थ्रीडी मॉडेल वापरलं तरी मला ते पटतं. याला व्हिडिओ गेम म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

खरी गडबड पुढे होते. सीटी झोपवून काढतात आणि आडवं झालं की बाक आपोआप कमी होतो. आमच्याकडे एक केस आली होती. फाइलवर नाव नसतं, मुलगी, वय १४, एवढंच. उभ्याने काढलेल्या एक्स-रेत ५८ अंश, सीटीत ४६. मी म्हटलं, सीटीतले मणके उभ्या एक्स-रेवर बसवून घेतो, समोरून आणि बाजूने, मगच पुढचं. आमचे साहेब म्हणाले, "कशाला? सर्जन तरी टेबलावर झोपवूनच करणार ना?" ऐकायला बिनतोड वाटतं. पण मणक्यांतल्या स्क्रूंना जोडून कणा सरळ धरणारा रॉड बसल्यावर ती पोर उभी राहणार, शाळेत जाणार, आणि कण्यावर वजन येणार ते तेव्हा. ईओएस नावाचं एक मशीन उभ्या-उभ्या समोरून आणि बाजूने एकदमच फोटो घेतं, तेही कमी रेडिएशनमध्ये. (ज्या डिटेक्टरच्या शोधातून ते निघालं, त्यासाठी जॉर्ज शारपाक यांना १९९२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं.) पण ते सगळीकडे नसतं. नसेल तिथे माझ्यासारख्याने हाताने बसवायचं.

त्या केसमध्ये सर्जनचा प्रश्न एकच होता: रॉड एल३ वर थांबवू की एल४ पर्यंत नेऊ? वर थांबलं तर कमरेचा एक सांधा हलता राहतो, आणि चौदाव्या वर्षी ती फार मोठी गोष्ट आहे. पण चुकीच्या ठिकाणी थांबलं तर खालचे मणके हळूहळू बाकात सामील होतात आणि पुन्हा ऑपरेशनची वेळ येऊ शकते.

उत्तर काढायचं तर आधी ठरवावं लागतं की मणक्यांमधल्या गाद्या आणि त्यांना बांधणारे लिगामेंट किती ताठ धरायचे. हे आकडे बहुतेक मृतदेहांवरच्या चाचण्यांतून आलेले असतात, आणि ते देह बहुतेक वयस्कर माणसांचे. ते शाळकरी मुलीला कसे लागू होतील? म्हणून मी दोन्ही प्लॅन मऊ, मध्यम आणि ताठ असे तिन्ही धरून चालवले. मऊ आणि मध्यम कण्यात एल३ आणि एल४ मध्ये सांगण्यासारखा फरक नव्हता. ताठ कण्यात मात्र एल३ वर थांबलं की खालची गादी तिरकीच राहत होती.

साहेबांना तीन उत्तरं नको होती. "क्लायंटला आपण उत्तर विकतो, प्रश्न नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. रिपोर्टात त्यांनी फक्त मध्यमवाली चित्रं घेतली. आता त्यात दोन्ही प्लॅन सारखेच दिसत होते, म्हणजे सांगायला काहीच नाही. मग एल३ च्या चित्राचा लेजंड, म्हणजे कोणता रंग किती ताणाचा ते सांगणारी पट्टी, ८० मेगापास्कलला (ताणाचं माप) तोडला आणि एल४ चा १२० ला. स्क्रूवरचा ताण तेवढाच, पण एकीकडे लालभडक, दुसरीकडे हिरवंगार. गाड्यांवाल्यांना ही चलाखी नवी नाही, पण निदान कंट्रोल आर्मला आईबाप नसतात.

मी वाद घातला, हरलो, आणि तिन्ही रनचा तक्ता गुपचूप शेवटच्या पानावर टाकून दिला. कॉलवर सर्जननी रंगीत पानं भराभर पुढे ढकलली आणि तक्त्यावर थांबले. म्हणाले, "बाजूला वाकवून काढलेले एक्स-रे माझ्याकडे पडलेत. त्यावरून ताठपणा कळेल ना? तुम्ही मागितले का नाहीत?" मी साहेबांकडे बघितलं. साहेब लॅपटॉपकडे बघत होते. ते एक्स-रे आले, त्यात मुलीचा कणा जेवढा वाकत होता तेवढाच मॉडेलमध्ये वाकेपर्यंत आकडे जुळवले, तर तो चांगलाच लवचीक निघाला. सर्जननी एल३ ठरवलं. त्यांनी ठरवलं, मॉडेलने नाही. कॉल संपल्यावर साहेब मला म्हणाले, "बघ, फुकटचं काम वाढवून घेतलंस."

ही काही माझ्या डोक्यातून निघालेली पद्धत नाही. मॉन्ट्रियालच्या पॉलिटेक्निकमधला कार्ल-एरिक ओबँ यांचा गट वाकवलेल्या एक्स-रेंवरून एकेका पेशंटचा ताठपणा ठरवायचं काम वीसेक वर्षांपासून करतोय. त्यांनीच २००७ च्या सुमारास त्याच पाच पेशंटच्या केसेस तीसहून जास्त अनुभवी सर्जनांपुढे ठेवल्या होत्या. रॉड कुठून कुठपर्यंत, स्क्रू किती, यावर त्यांचं एकमत होईना. म्हणजे मॉडेल नसलं की सगळं ठरलेलं आणि स्पष्ट असतं, असंही नाही. प्लॅन आधी स्क्रीनवर घासून बघण्यात अर्थ आहे तो यामुळे.

तेव्हा पैसे देण्याआधी विचारा: मॉडेल उभ्या एक्स-रेवर बसवणार का? वाकवलेले एक्स-रे वापरणार का? उत्तर एकच आकडा देणार की इतक्यापासून इतक्यापर्यंत? "आमचं सॉफ्टवेअर एकदम अचूक आहे" असं कोणी म्हणालं तर तो सेल्सचा माणूस आहे, चहा प्या आणि उठा. रंगीत चित्रं दाखवली तर दोन्ही चित्रांचा लेजंड एकच आहे का ते बघा, तेवढं कोणालाही कळतं. आणि कणा बाजूने कसा दिसेल तेही मागा. साठच्या दशकात हॅरिंग्टन रॉडने कणा ताणून सरळ करायचे. समोरून एक्स-रे झकास यायचा, पण कमरेचा नैसर्गिक खोलगटपणा सपाट होऊन कित्येकांना पुढे ताठ उभं राहणं जड गेलं.

आमचे ते साहेब आता दुसरीकडे आहेत, लिंक्डइनवर रोज 'डिजिटल ट्विन'वर, म्हणजे पेशंटच्या कॉम्प्युटरमधल्या जुळ्यावर, प्रवचन देतात. मॉडेल जुळं असेल तर ते पेशंटसारखं वाकलंही पाहिजे, एवढंच माझं तेव्हा म्हणणं होतं आणि आजही आहे.

आता राहिलेलं. मी डॉक्टर नाही. वर लिहिलंय ते किशोरवयातल्या, कारण न सापडणाऱ्या स्कोलिओसिसबद्दल आहे. स्नायूंच्या किंवा नसांच्या आजारामुळे झालेला असेल तर गणित वेगळं. फक्त मॉडेलसाठी सीटी काढत असतील तर कमी डोसचा प्रोटोकॉल आहे का विचारा, वाढत्या वयात रेडिएशन उगाच नको. हात आखडता असेल तर ऑपरेशन चालू असताना मज्जारज्जूवर लक्ष ठेवणारं न्यूरोमॉनिटरिंग आहे का ते आधी बघा, मॉडेलचा नंबर त्याच्यानंतर. आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला जाल तेव्हा फिल्म किंवा मोबाइलवरचे फोटो नेऊ नका. डायकॉम फाइल्सची (स्कॅनच्या मूळ डिजिटल फाइल्स) सीडी मागून घ्या, काउंटरवर सहसा मिळते.