जपानचे ७४ हप्ते आणि अंबडचे ४८ महिने

नाशिकच्या इंदिरानगरातल्या एका वाचकाचं पत्र आलंय. वय ३३. जून २०१५ ते मे २०१९ तिथल्याच अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात नोकरी केली, बेसिक पंधरा हजारांच्या आत. मग जुलै २०१९ पासून ऑगस्ट २०२५ पर्यंत नागोयाजवळच्या जपानी कंपनीत, थेट त्यांच्याच पगारपत्रकावर. तिथे दर महिन्याला पगारातून ‘कोसेई नेंकिन’, म्हणजे नोकरदारांच्या पेन्शनचा हप्ता, कापला जायचा. सप्टेंबर २०२५ मध्ये बायको-मुलीसह कायमचे नाशिकला परतले. ते लिहितात: “माझ्याबरोबरचे सगळे पेन्शनचा रिफंड घेऊन मोकळे झाले. एक एजंट दहा टक्के घेऊन काम करून देतो म्हणतोय. धाकटा भाऊ दिंडोरीकडची बाग बघतो, त्याला द्राक्षावर प्लास्टिकचं आच्छादन करायचंय, त्याला हे पैसे देता येतील. मेहुणे म्हणतात, सिंहस्थाच्या आत पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेऊन टाका. हाताशी अठरा लाखांच्या ठेवी आहेत, पण त्या मोडवत नाहीत. माझेच पैसे आहेत, काढून घेऊ ना? जाताना इथला पीएफ काढला होता, त्यातल्या पेन्शनचं काय केलं ते आठवत नाही.”

तुम्ही शेवटी सहज टाकलेलं ते वाक्य, पेन्शनचं काय केलं ते आठवत नाही, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. त्याकडे येतोच, आधी रिफंड.

याला सगळे रिफंड म्हणतात म्हणून तो टीडीएस परत मिळाल्यासारखा वाटतो. तसं ते नाही. तुम्ही पेन्शनचा हक्क जपान सरकारला एकरकमी विकताय. बाग छाटणीलाच जागेवर देऊन टाकावी, तसा हा सौदा आहे. पैसे लवकर हातात येतात, पण पुढे माल कसाही निघाला तरी त्यावर आपला हक्क उरत नाही. जपानी नागरिक नसलेल्या, किमान ६ महिने हप्ते भरलेल्या, तिथला पत्ता रद्द केलेल्या आणि १० वर्षं पूर्ण न झालेल्या माणसाला ही रक्कम मागता येते. पत्ता रद्द झाल्यापासून २ वर्षांच्या आत अर्ज पोचायला हवा, म्हणजे तुमच्यासाठी सप्टेंबर २०२७.

आता तुमची खास अडचण. रक्कम जास्तीत जास्त ६० महिन्यांवरच मोजतात (एप्रिल २०२१ पूर्वी तर ३६ वरच मोजायचे). ही मर्यादा ८ वर्षांपर्यंत वाढवणारा कायदा जपानने २०२५ मध्ये केलाय, पण तुमचा शेवटचा हप्ता ऑगस्ट २०२५ चा, तेव्हा तुम्ही ६० च धरा. तुमचे हप्ते आहेत ७४. पैसे ६० चे मिळतील आणि खात्यावरून ७४ च्या ७४ पुसले जातील. वरचे १४ महिने फुकट.

बोनस धरून तुमचा सरासरी पगार तुम्ही ३,२०,००० येन लिहिलाय. हप्ता १८.३ टक्के, त्यात तुमचा वाटा ९.१५. म्हणजे ७४ महिन्यांत तुमच्या खिशातून गेले २१,६६,७२० येन. ६० महिन्यांसाठी सरासरी पगाराच्या ५.५ पट मिळतात, म्हणजे १७,६०,००० येन. त्यातून २०.४२ टक्के कर आधीच कापतात. हातात येतात सुमारे १४ लाख. कापलेले ३,५९,३९२ येन नंतर परत मागता येतात. त्यासाठी जपानमध्ये राहणारा एक कर-प्रतिनिधी नेमावा लागतो, पण तो वकील किंवा सीएच हवा असं नाही. तुमच्या जुन्या कंपनीतला विश्वासातला सहकारीही चालतो. मुदत ५ वर्षं. एजंट दहा टक्के मागतो ते बहुधा याच कामाचे. अर्ज म्हणजे एक फॉर्म, पासपोर्टची प्रत, बँक खात्याचा पुरावा आणि पेन्शन क्रमांकाचा कागद, सगळं पोस्टाने पाठवायचं. त्यासाठी पावणेदोन लाख येन मोजायचे?

एका येनला ५७ पैसे धरले, तर पूर्ण १७.६ लाख येनचे होतात साधारण दहा लाख रुपये.

दुसऱ्या बाजूला काय आहे? जपानमध्ये पेन्शनला किमान १० वर्षं लागतात. २०१७ पर्यंत २५ लागायची. तुमची झालीत ६ वर्षं २ महिने. त्यामुळे मित्र म्हणतात, पेन्शन मिळणारच नाही तर पैसे तरी घे. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या बाबतीत हे बरोबरही असेल. पण भारत आणि जपान यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार आहे, १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू. त्यानुसार १० वर्षं मोजताना दोन्ही देशांतले महिने एकत्र धरतात. पैसे मात्र प्रत्येक देश आपापल्या महिन्यांचेच देतो. तुमचे जपानचे ७४ आणि अंबडचे ४८ मिळून होतात १२२. लागतात १२०.

दोन महिन्यांनी गाडी पकडलीत तुम्ही! अर्थात, ते ४८ अजून जिवंत असतील तर.

म्हणून आता ते विसरलेलं वाक्य. नोकरी सोडल्यावर पीएफ काढायला फॉर्म १९ भरतात आणि पेन्शनचा भाग काढायला फॉर्म १० सी. बरेच लोक, किंवा त्यांच्या कंपनीतला एचआरवाला, दोन्ही एकदम भरून टाकतात. तुम्ही फक्त १९ भरला असेल तर तुमची ईपीएसमधली, म्हणजे पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेतली, सेवा शाबूत आहे. १० सी भरून पैसे घेतले असतील तर ती चार वर्षं संपली. पीएफचं पासबुक उघडा. त्यात कर्मचारी, मालक आणि पेन्शन असे तीन रकाने असतात. तिसऱ्यात दरमहा रक्कम जमा झालेली दिसते का आणि २०१९ नंतर पेन्शनचा क्लेम मंजूर झालाय का, एवढंच बघायचं. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, आठवत नसेल तर आधारशी जोडलेल्या मोबाईलवरून सापडतो. पासबुकात गोंधळ दिसला तर नाशिकच्या पीएफ ऑफिसात जाऊन लेखी विचारा. तोंडी “हो हो, आहे” यावर दहा लाखांचा निर्णय घेऊ नका.

समजा, सेवा शाबूत निघाली. मग ६५ व्या वर्षापासून जपान काय देईल? पगारावर आधारित भाग: ३,२०,००० गुणिले ५.४८१ भागिले १०००, गुणिले ७४, म्हणजे वर्षाला जवळपास १,२९,८०० येन. पायाभूत पेन्शन पूर्ण ४० वर्षांना २०२५ च्या दराने महिना ६९,३०८ येन होती. ७४ महिन्यांच्या प्रमाणात तिचे वर्षाला १,२८,२०० येन. दोन्ही मिळून साधारण २,५८,००० येन, ५७ पैशांच्याच भावाने वर्षाला १ लाख ४७ हजार रुपये. महिना सव्वाबारा हजार, मरेपर्यंत. भारतात राहूनही ती मिळते आणि दर एप्रिलला तिथल्या महागाई-पगारांकडे बघून तिचा दर बदलतो.

ही रक्कम १७.६ लाखांना भागली तर पावणेसात वर्षं येतात. बहात्तरीपर्यंत जगलात की एकरकमी रकमेइतके येन वसूल. पण हा हिशेब अर्धवट आहे, कारण मधे ३२ वर्षं आहेत. आज मिळालेले दहा लाख करानंतर ७ टक्क्यांनी ३२ वर्षं न मोडता वाढले तर ६५ व्या वर्षी सुमारे ८७ लाख होतात. त्यावर ६ टक्के घेतले तरी वर्षाला सव्वापाच लाख, आणि मुद्दल तसंच. जपानी पेन्शन रुपयांत दरसाल ३ टक्क्यांनी वाढली तर तेव्हा वर्षाला पावणेचार लाखांच्या आसपास असेल, ४ टक्क्यांनी वाढली तर पाच लाखांच्या वर. येन चढतच जातो या समजावरही विसंबू नका. तुम्ही २०१९ ला गेलात तेव्हा एका येनला ६३-६४ पैसे मिळत होते.

थोडक्यात, नुसत्या कागदावर रिफंड थोडा पुढे आहे. मी हे लपवणार नाही. पण तो पुढे आहे तो ‘३२ वर्षं न मोडता’ या चार शब्दांच्या जोरावर, आणि तुमच्याच पत्रात त्या पैशाला आत्ताच दोन गिऱ्हाइकं उभी आहेत. एक भाऊ, एक मेहुणे. मेहुण्यांचं एका ओळीत सांगतो: सिंहस्थाच्या नावावर फ्लॅटचा भाव वाढणार ही बातमी तुमच्या आधी बिल्डरला कळलेली असते.

भावाचं म्हणणं मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. गोडी छाटणीनंतर फुलोऱ्यात, नाहीतर मण्यात पाणी भरताना अवकाळी आली की काय होतं हे दिंडोरी-पिंपळगावात कुणाला सांगावं लागत नाही. मणी तडकले की वर्षाची मेहनत बेदाण्याच्या भावाने जाते. आच्छादनाने एक बहार वाचला तर तो परतावा कुठल्याही म्युच्युअल फंडापेक्षा सरस ठरू शकतो. मग त्यासाठी तुमच्या म्हातारपणाची पेन्शन का विकायची? अठरा लाखांच्या ठेवी आहेत ना. त्या एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या खात्यातल्या, ठेवी असतील तर तुम्ही परतल्यावर बँकेला कळवून त्या निवासी खात्यात बदलून घ्यायच्या असतात, आणि त्यांचं करमाफ व्याजही तिथेच थांबतं. म्हणजे ज्या कारणासाठी त्या ‘मोडवत नाहीत’, ते कारण बहुधा उरलेलंच नाही. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा आणि आच्छादनाला त्यातून द्या. भावाला उसने म्हणून द्यायचे की बागेत वाटा म्हणून, हे मात्र आधी कागदावर आणा. भाऊ चांगला आहे म्हणूनच.

तेव्हा माझं मत असं. तिसऱ्या रकान्यात सेवा शाबूत असेल तर रिफंड घेऊ नका. नवी नोकरीही अंबडलाच, जास्त बेसिकवर धरताय असं लिहिलंय. जुनी पेन्शन सेवा जिवंत असलेला सभासद पगार वाढला तरी ईपीएसमध्ये राहतो, तेव्हा जुनाच यूएएन द्या आणि नवा काढू देऊ नका. मग १२२ चे १३०, १४० होत जातील आणि दोन महिन्यांची धाकधूकही संपेल. शिवाय कराराचा फायदा इकडूनही आहे. १० वर्षांची अट इथेही आहे आणि ती मोजताना जपानचे महिने धरता येतात. त्या चार वर्षांची भारतीय पेन्शन किरकोळच आहे म्हणा. १५,००० गुणिले ४ भागिले ७०, फार तर महिना ८५७ रुपये. चहाचा खर्च. पण त्या चार वर्षांचं खरं मोल हे नव्हेच. ती जपानचं कुलूप उघडणारी किल्ली आहेत.

या वाटेत एक धोका आहे. पासष्टीच्या आत तुम्हाला काही झालं, तर या जपानी खात्यातून बायको-मुलीला काही मिळेल असं धरून चालू नका. रिफंड घेतला असता तर दहा लाख घरात असते. ही उणीव टर्म विम्याने भरा. ३३ व्या वर्षी तो स्वस्त असतो, आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख कुठेच नव्हता.

१० सी भरलेला निघाला तर उत्तर उलटं. नव्या नोकरीत बेसिक पंधरा हजारांच्या वर असेल तर ईपीएसमध्ये नव्याने शिरता येत नाही, हा नियम १ सप्टेंबर २०१४ पासूनचा आहे. जपानला परत जायचा विचारही नसेल तर ते ७४ महिने कशालाच जोडले जाणार नाहीत. तेव्हा रिफंड घ्या, ६० तर ६० चा, आणि मुदत संपायची वाट बघू नका.

घेणार असाल तर पैसे कुठल्या खात्यात येतात याकडे लक्ष द्या. तुम्ही दिलेल्या तारखांवरून आणि सुट्टीत दरवर्षी तीनेक आठवडे इकडे असायचात हे धरून, आयकराच्या हिशेबात तुम्ही सध्या ‘निवासी पण सामान्यतः निवासी नाही’ या वर्गात बसता, कारण मागच्या ७ आर्थिक वर्षांत तुमचे भारतातले दिवस ७२९ च्या आत आहेत. या वर्गातल्या माणसाचं परदेशात उपजलेलं आणि परदेशातच पहिल्यांदा हाती पडलेलं उत्पन्न इथे करात येत नाही. तेच पैसे थेट नाशिकच्या खात्यात उतरले तर चित्र बदलतं. जपानचं बँक खातं अजून चालू असेल तर ते घाईने बंद करू नका. ते पोस्टाच्या बँकेचं असेल तर उपयोग नाही, तिथे ही रक्कम जमाच होत नाही. अर्जाआधी सीएला पासपोर्टवरचे शिक्के दाखवून दिवस मोजून घ्या.

आणि काही झालं तरी पेन्शन क्रमांकाचा तो जपानी कागद हरवू नका. लग्नाच्या अल्बममध्ये ठेवा, देवघरात ठेवा, पण दोघांनाही माहीत असू दे.

पासबुक उतरवून घेतलंत की २०१५ ते २०१९ ची पानं मला पाठवा. एजंटाला तोवर थांबवून ठेवा. सप्टेंबर २०२७ अजून लांब आहे, त्याचं काही बिघडत नाही.