दप्तर, सुमंत आणि घटसर्प

प्रश्न : सुरेंद्रनाथ सेन या इतिहासकारांविषयी एका ठिकाणी वाचलं, की ते 'राष्ट्रीय पुरातत्त्व खात्याचे प्रमुख' होते. दुसरीकडे 'राष्ट्रीय अभिलेखागाराचे संचालक' असं आहे. बरोबर काय? आणि अशा माणसाला मराठीत दफ्तरदार म्हणता येईल का?

दुसरं बरोबर. पहिलं ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. जुनं काही दिसलं की पुरातत्त्व! पुरातत्त्ववाले जमीन उकरतात, पुराभिलेखवाले कागद सांभाळतात. सेन 1939 साली दिल्लीला इम्पीरियल रेकॉर्ड खात्यावर गेले. 1947 मध्ये त्या खात्याचं राष्ट्रीय अभिलेखागार झालं आणि 1949 पर्यंत ते तिथेच होते. त्यातल्याच 1944 ते 1948 या काळात पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मॉर्टिमर व्हीलर होते. या दोघांची अदलाबदल करणाऱ्यानं निदान एकदा दोघांच्या हातांकडे बघावं : एकाच्या नखांत माती, दुसऱ्याच्या बोटांवर कागदाची धूळ. सेन बारिसालकडचे बंगाली, पण सभासदाची बखर त्यांनी इंग्रजीत नेली आणि मराठ्यांच्या राज्यकारभारावर 1923 मध्ये आणि लष्करावर 1928 मध्ये ग्रंथ लिहिले. अठराशे सत्तावन्नच्या उठावावरचा 1957 चा सरकारी ग्रंथही त्यांचाच. असो.

आता दफ्तर. इथे मला थांबवू नका.

हा शब्द फारसीतून आला एवढं सांगून बहुतेक कोश हात झटकतात. पण फारसीला तो ग्रीकांनी दिला. ग्रीक 'दिफ्थेरा' म्हणजे कमावलेलं कातडं. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो, की आयोनियन ग्रीक लोक पपायरसच्या, म्हणजे इजिप्तमधल्या लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाच्या, पुस्तकांनाही 'कातडी'च म्हणत, कारण पूर्वी पपायरस मिळेना तेव्हा ते शेळ्यामेंढ्यांच्या कातड्यावर लिहीत. कातडं गेलं, नाव राहिलं. पुढे ते नाव वह्यांना लागलं, मग कागदांच्या गठ्ठ्याला, आणि हिंदीत तर जिथे गठ्ठे ठेवतात त्या कचेरीलाच. मराठीनं मात्र गठ्ठा सोडला नाही. जुने मोडी कागद आजही रुमालात बांधलेले असतात. गाठ सोडली की बोरूची शाई वाळवायला टाकलेली बारीक वाळू अजून टेबलावर सांडते. तसलाच चौकोनी फडका पाटीपुस्तकांना बांधून पोरं शाळेत जात, म्हणून त्या गाठोड्याचंही दप्तर झालं. अर्थात 'चामड्याचं दप्तर' म्हणणं हा शुद्ध पिवळा पितांबर!

आणि आता खरी गंमत. 1826 मध्ये ब्रतोनो या फ्रेंच वैद्यानं घशात कातड्यासारखा पापुद्रा धरणाऱ्या रोगाला याच 'दिफ्थेरा'वरून नाव दिलं. तोच आपला घटसर्प, डिप्थेरिया. म्हणजे पोराच्या पाठीवरचं दप्तर आणि त्याला लहानपणी टोचलेली लस, दोन्हींत एकच ग्रीक शेळी बेंबटते आहे.

काही विद्वान दप्तराला 'दिपि'च्या कुळात घालतात. प्राचीन फारसीत दिपि म्हणजे लेख. अशोकाच्या शाहबाजगढीच्या लेखात 'लिपी'च्या जागी 'दिपि'च आहे. याच कुळातून दबीर आणि दिवाण आले. दबीर म्हणजे लेखनिक, शिवाजी महाराजांच्या दरबारात परराष्ट्र व्यवहार पाहणारा डबीर तोच, आणि राज्याभिषेकानंतर त्याच पदाचं नाव सुमंत झालं. कूळ मोठं घरंदाज आहे, मान्य. पण दप्तरातल्या 'फ्त'चं काय करायचं? दिपिच्या पोरांमध्ये तो कुठेच नाही, दिफ्थेरात मात्र आयता बसलेला आहे. 'अर्थ जुळतो' एवढ्या बळावर व्युत्पत्ती लावायची तर मी 'दत्तपत्रा'वरूनही दप्तर काढून दाखवतो. एका लग्नाच्या पंगतीत एका गृहस्थांनी मला ती खरंच काढून दाखवली होती. जिलबी गार झाली.

फ की प, असं आता कोणी विचारेल. दोन्ही चालतात. रियासतकार सरदेसायांनी निवडलेल्या 45 खंडांचं 'पेशवे दफ्तर' फ-चं, शाळेचं दप्तर प-चं. ओठांना सोपं पडतं म्हणून लोकांनी फ चा प केला, त्यात अशुद्ध काही नाही. 'दप्तरी दाखल' झालेला अर्ज दोन्ही उच्चारांनी सारखाच सापडत नाही.

हां, तुमचा दफ्तरदार. तो शब्द महसुलाकडचा : हुजूर दफ्तराचा, म्हणजे सरकारच्या मध्यवर्ती दफ्तराचा, अधिकारी, किंवा कंपनीच्या काळात कलेक्टरच्या हाताखालचा. सेनांना तो लावाल तर त्यांच्याकडे सारावसुलीचे हिशेब दिल्यासारखं होईल. पुराभिलेखपाल म्हणा. शब्द जड आहे, मलाही आवडत नाही. त्यांच्या बंगालीत 'दप्तरी' म्हणजे तर पुस्तकं बांधणारा किंवा कचेरीतला शिपाई, तेव्हा तिकडे बोलताना जरा जपून.