गिटार शिकताना ‘ऑटम लीव्हज’ची कोणती ध्वनिमुद्रणे ऐकावीत?

‘ऑटम लीव्हज’ ही जॅझमधील प्रसिद्ध रचना शिकायला घेतली आहे, पण तिची असंख्य ध्वनिमुद्रणे पाहून कोणते आधी ऐकावे हे कळत नाही, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते गिटारवादकांची ध्वनिमुद्रणे थोडी मागे ठेवावीत, कारण ती ऐकताना विद्यार्थ्याचे लक्ष चालीवरून उडून वादकाच्या बोटांकडे जाते.

आरंभ सॅक्सोफोनवादक कॅननबॉल ॲडर्ली यांच्या ‘समथिंग एल्स’ (१९५८) या अल्बमपासून करावा. संगीतकार जोसेफ कोस्मा यांची मूळ फ्रेंच चाल येथे माइल्स डेव्हिस म्यूट (आवाज दबवणारे झाकण) लावलेल्या ट्रम्पेटवर वाजवतात आणि दोन ओळींच्या मध्ये इतकी जागा सोडतात की खालची कॉर्ड बदललेली स्पष्ट ऐकू येते. सुमारे अकरा मिनिटांच्या या ध्वनिमुद्रणातील निदान चाल तरी आधी गाऊन पाठ करावी. बाजारातील अनेक स्वरलिपींत ही रचना ई मायनरमध्ये असते आणि हे वादन जी मायनरमध्ये आहे, एवढे मात्र ध्यानात असू द्यावे.

मग चौथ्या आणि तिसऱ्या तारेवर प्रत्येक कॉर्डचे फक्त दोनच स्वर, मूळ स्वरापासून मोजलेले तिसरा आणि सातवा, वाजवून पाहावेत. जी मायनरमध्ये वाजवताना पहिल्या कॉर्डसाठी, म्हणजे सी मायनर सेव्हनसाठी, दोन्ही तारांवर आठवा फ्रेट धरावा. एफ सेव्हन येताच चौथ्या तारेवरचे बोट सातव्या फ्रेटवर येते, बी फ्लॅट मेजर सेव्हनला तिसऱ्या तारेवरचेही सातव्यावर येते, आणि पुढे डी सेव्हनपर्यंत दर वेळी एकच स्वर खाली सरकत जातो. सहा कॉर्डचे आकार घोकण्यापेक्षा हे कितीतरी उपयोगी आहे.

पियानोवादक बिल एव्हान्स यांच्या ‘पोर्ट्रेट इन जॅझ’मधील (१९५९) वादन त्यानंतर ऐकावे. त्यात स्कॉट लाफारो यांचा बास साथीपुरता न राहता पियानोशी सवालजवाब करतो. पहिल्यांदा ऐकताना ठेका हरवल्यासारखा वाटतो, म्हणून पायाने ताल धरून बत्तीस मात्राखंडांचे (बारचे) आवर्तन मोजत राहावे.

जिम हॉल आणि रॉन कार्टर यांचे ‘अलोन टुगेदर’ (१९७२) मी शेवटी सुचवतो. केवळ गिटार आणि बास, ड्रम नाहीत. बासला पुढे येऊ द्यायचे असेल तेव्हा हॉल मोजक्या स्वरांच्या कॉर्डवर भागवतात, आणि तिसरा व सातवा हे दोन स्वर हाताखाली बसलेले असतील तर ती काटकसर कशी साधली आहे ते आपल्याला कानानेच ओळखता येईल.