ऑलिव्ह ऑइलमध्ये रोजचा नाश्ता आणि गोडधोड जमतं का? (गावात राहतो, ओव्हन नाही)

जमतं, पण सगळं नाही.

दादा, तुम्ही लिहिलंय की वडिलांना हृदयाचा त्रास झाला, डॉक्टरांनी तूप कमी करायला सांगितलं आणि पुण्याच्या भावाने ऑलिव्ह ऑइलचा पाच लिटरचा डबा धाडून दिला. आता पोहे, शिरा, लाडू सगळं त्यातच करायचं का, आणि हे तेल तापवलं की त्याचं विष होतं म्हणतात ते खरं का, असा तुमचा प्रश्न. अगदी असाच डबा चार वर्षांपूर्वी आमच्या घरी आला होता. आम्ही विदर्भातल्या मोर्शी तालुक्यातले, एकत्र कुटुंब. भासऱ्यांची (थोरल्या दिरांची) अँजिओप्लास्टी झाली आणि नागपूरच्या नणंदेने डबा पाठवला. त्यातलं निम्मं तेल मी वाया घालवलं, म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी विषाचं. हे खरं नाही. चांगलं एक्स्ट्रा व्हर्जिन (म्हणजे रिफाइंड न केलेलं, फळ दाबून काढलेलं) तेल साधारण १९० ते २१० अंशांच्या आसपास धुरायला लागतं, आणि आपण वडे-भजी तळतो ते १७०-१८० अंशांवर. पोह्याची फोडणी तर त्याच्याही अलीकडे आटोपते. या तेलात ओलिक आम्ल भरपूर असतं, ते उष्णतेला बऱ्यापैकी टिकतं. बिघडतं ते दुसरंच. तापवलं की त्याचा वास उडून जातो, आणि पैसे तर आपण त्या वासाचेच दिलेले असतात. शेंगदाण्याच्या तेलाच्या निदान चार-पाच पट भाव देऊन आणलेलं तेल मोहरी-हिंगाच्या फोडणीत घातलं की खाणाऱ्याला काही कळत नाही. मी महिनाभर घरच्या पोह्यांना तेच वापरलं. वरून तर्री ओतल्यावर कोणालाही फरक सांगता आला नाही. मलाही नाही.

मग ते वापरायचं कुठे? मला हे उमगलं जवसाच्या तेलावरून. आमच्या घरी जवसाचं तेल कोणी तळायला घेत नाही. ते चटणीवर, भाकरीबरोबर, कच्चंच घ्यायचं. गोळाभातावर तेलाची धार पडल्याशिवाय आपला घास उतरत नाही. एक्स्ट्रा व्हर्जिनला त्याच घराण्यातलं समजा. पहिल्यांदा मी ते ज्वारीच्या भाकरीवर, ठेच्यासोबत वाढलं तेव्हा सासूबाईंना ठसका लागला. "हे तेल हाय का औषध व माय? नरड्यात खवखव करते!" मलाही वाटलं, भेसळ असणार. पुढे कळलं की ती खवखव ओलिओकॅन्थल नावाच्या घटकाची असते आणि ताज्या, चांगल्या तेलातच ती जाणवते. घशात काहीच लागलं नाही तर उलट तेल जुनं किंवा रिफाइंड असण्याची शक्यता जास्त.

नाश्त्यात सगळ्यात झकास जमला तो कच्चा चिवडा. मुरमुरे, बारीक चिरलेला कांदा, टमाटर, हिरवी मिरची, भाजलेले शेंगदाणे, तिखट, मीठ, मूठभर सांबार (पुण्याकडच्या भाषेत कोथिंबीर) आणि चार जणांमागे दोन मोठे चमचे हे तेल. हाताने चोळायचं, लगेच खायचं. कांद्याचा तिखटपणा आणि तेलाचा कडवट झणका एकमेकांना असे काही धरतात की आमच्या घरात आता यासाठी दुसरं तेल निघत नाही. उकडपेंडीलाही मी एक युक्ती करते. कणीक नेहमीच्या तेलात खमंग भाजायची, फोडणीही त्याचीच, आणि गॅस बंद करून झाकण ठेवायच्या आधी वरून चमचाभर ऑलिव्ह सोडायचं. वाफेबरोबर वास वर येतो. धिरडी आणि बेसनाचे पोळे याच्यावर छान सुटतात, पण तिथे कुठलंही तेल चालतं, म्हणून मी ते घेत नाही. सांबारवडी आणि आलूबोंडा यांच्या कढईत ओतायचा तर विचारही करू नका. धोका नाही, पण कढईभर पैसे जातात.

आता गोडाकडे येते. इथे खरी गंमत आहे आणि माझी फजितीही.

दिवाळीला मी भासऱ्यांसाठी वेगळे बेसनाचे लाडू केले, तुपाऐवजी ऑलिव्ह ऑइल घालून. बेसन भाजताना वास वेगळा आला, पण वाईट नव्हता. पिठीसाखर घातली, वळले, छान गोल झाले. स्टीलच्या डब्यात एकावर एक रचून ठेवले. सकाळी झाकण उघडलं तर आत लाडू नव्हतेच. खालचे चपटे होऊन एकमेकांत मिसळलेले, वरच्यांचे पेढे झालेले, आणि डब्याच्या बुडाशी पिवळं तेल. जाऊबाईंनी त्यात उलथनं घालून वड्या पाडायचा प्रयत्न केला, त्या वड्यांनाही उभं राहता येईना. शेवटी पोरांनी चमच्याने खाल्लं.

कारण साधं होतं, माझ्या डोक्यात आलं नाही एवढंच. बेसनाच्या लाडवाला धरून ठेवतं ते गोठलेलं तूप. गरम असताना ते पातळ, गार झालं की घट्ट. ऑलिव्ह ऑइल आपल्या हवेत तुपासारखं घट्ट होतच नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे गेला की तुपाची बरणीही पाण्यासारखी होते आणि तेव्हा तुपाचे लाडूही असेच बसतात, हे आपल्याला माहीत असतं. पण तेलाच्या बाबतीत बाराही महिने मे असतो, हे मला डबा उघडल्यावर कळलं.

त्यावरून मी एक हिशेब धरला, तो आजवर चुकला नाही. पदार्थाला धरून कोण ठेवतंय ते बघायचं. तूप धरत असेल, तर ऑलिव्हच्या वाटेला जायचं नाही. गुळाचा पाक, रवा, दही किंवा मैदा धरत असेल, तर बिनधास्त घाला. म्हणून जवसाचे, तिळाचे पाकातले लाडू चालतात. तिथे काम गुळाचं असतं, तेल नुसतं हाताला लावायला. शंकरपाळ्याला कडकडीत तेलाचं मोहन घातलं तर कुरकुरीत होतात, पण तुपाचा खुसखुशीतपणा येत नाही. तोंडात विरघळण्याऐवजी कटकन मोडतात. मला ते आवडले, घरात मतं दोन पडली. नानकटाई मात्र साफ फसली. तूप फेसून त्यात जी हवा कोंडतो, ती तेलात थांबत नाही. माझ्या बारा नानकटाया पसरून ताटात एकच पोळी झाली.

शिऱ्याला अर्धं तूप, अर्धं ऑलिव्ह घ्या. रवा तेलात भाजायचा आणि शेवटी चमचाभर तूप वरून. नुसत्या ऑलिव्हचा शिरा खाऊन पाहिला, काहीतरी राहून गेल्यासारखा लागतो. पुरणपोळीवर आणि रोडग्यावर (गोवरीत भाजलेल्या कणकेच्या गोळ्यावर) हे तेल ओतायचा विषय मी एकदाच काढला. मामाजी (सासरे) रोडगा फोडत होते, गोवरीची राख झटकून. मान वर न करता म्हणाले, "रोडग्यात तूप नसन, त तो रोडगा कायचा?" पुन्हा काढला नाही. भासऱ्यांना रोडगा वर्षातून दोनदा मिळतो, तेव्हा चमचाभर तूपच देतो, डॉक्टरांना विचारून.

या तेलाचं खरं गोड म्हणजे केक. इटली-स्पेनकडे ऑलिव्ह ऑइलचा केक घरोघरी होतो आणि त्यात बरेचदा संत्रं किंवा लिंबू असतं. हे वाचलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. आमच्या वावरात संत्र्याची झाडं, आंबिया बहार निघाला की घरात टोपल्याच टोपल्या, आणि मी लाडू वळत बसले होते! (आमच्या यांनी लगेच विचारलं, "हे ऑलिव्ह आपल्या वावरात लागते का?" राजस्थानात बिकानेरकडे लूणकरणसरला इस्रायलहून रोपं आणून लागवड झालेली आहे. पण त्या झाडाला पाण्याचा निचरा लागतो. आपल्या काळ्या चिकट रानात पावसाळाभर मुळाशी पाणी धरून राहतं, तिथे ते कसं तगायचं? संत्राच बरा.)

माझं प्रमाण बिनअंड्याचं आहे, सात इंची डब्यासाठी. बारीक रवा १५० ग्रॅम, मैदा ७५ ग्रॅम, साखर १५० ग्रॅम, फार आंबट नसलेलं दही १५० ग्रॅम, ऑलिव्ह ऑइल १०० मिली, संत्र्याचा रस १०० मिली, दीड चहाचमचा बेकिंग पावडर, पाव चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ. आणि दोन संत्र्यांची किसलेली साल. सालीचंच इथे नाजूक काम आहे. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, सोलल्यावर किसायला गेलात तर हातात चोळामोळा होतो. म्हणून अख्खं संत्रं कोमट पाण्यात नीट घासून धुवा (बागेत फवारणी झालेली असते), पुसून कोरडं करा, आणि न सोलता बारीक किसणीवर अगदी हलक्या हाताने फिरवा. नुसता नारिंगी रंग यायला हवा. पांढरा भाग आला की केक कडू. ही साल साखरेत टाकून बोटांनी चोळा, साखर ओलसर आणि केशरी होईपर्यंत. तेवढ्यानेच अर्धं घर गोळा होतं.

मग त्या साखरेत दही आणि तेल घालून एकजीव होईपर्यंत फेटायचं, रस घालायचा, रवा-मैदा-मीठ घालून वीस मिनिटं झाकून ठेवायचं. रवा पाणी पितो. घट्ट वाटलं तर दोन चमचे रस आणखी. पावडर आणि सोडा अगदी शेवटी, आणि घातल्यावर गप्पा मारत बसायचं नाही, लगेच डब्यात ओतायचं. पीठ भज्यांच्या पिठाहून थोडं सैल हवं.

ओव्हन नाही म्हणालात, माझ्याकडेही तेव्हा नव्हता, आणि आता आहे तर लाइट नसते. जाड बुडाचं मोठं पातेलं घ्या. तळाला दोन वाट्या जाड मीठ किंवा धुऊन वाळवलेली रेती, त्यावर लोखंडी कडं. झाकण ठेवून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा, मग डबा आत. आच बारीक-मध्यम, झाकणावर काहीतरी जड. चाळीस ते पन्नास मिनिटं लागतात. पहिली पस्तीस मिनिटं उघडून बघू नका. सुरी खुपसली तर कोरडी निघाली पाहिजे. चांगला कुकर यासाठी घेऊ नका, कोरडा तापून खराब होतो. हे मीठ नंतर खायला चालणार नाही, बरणीत वेगळं ठेवा, पुढच्या केकला येतं.

केक त्याच दिवशी कापू नका. तेलाचा केक दुसऱ्या दिवशी जास्त मऊ होतो, कारण तेल आत पातळच राहतं, बटरसारखं घट्ट होत नाही. बटरच्या एखाद्या केकमध्ये ते घालायचं असेल तर १०० ग्रॅम बटरला ८० ग्रॅम तेल धरा. बटरमध्ये पाचवा भाग पाणी वगैरेच असतो.

एक गोष्ट वडिलांसाठी. चमचाभर ऑलिव्ह ऑइलमध्ये उष्मांक तेवढेच असतात जेवढे शेंगदाण्याच्या तेलात, मोठ्या चमच्याला १२० च्या आसपास. तुपाऐवजी घेतलं तर फायदा आहे, तूप आहेच आणि वरून हेही घेतलं तर नाही. स्पेनमध्ये सात हजारांहून अधिक लोकांवर मोठी पाहणी झाली होती, २०१३ साली छापून आली आणि २०१८ साली दुरुस्त करून पुन्हा छापली, तिचा दाखला सगळे देतात. पण ती माणसं भाज्या, डाळी, फळं यांच्यासोबत तेल खात होती, केकसोबत नाही. तेव्हा केकचा तुकडा हा तुकडाच असू द्या. आणि डब्यावर 'एक्स्ट्रा लाइट' लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ कमी उष्मांक असा नाही, नुसती चव आणि रंग हलका. 'पोमेस' म्हणजे तेल काढून उरलेल्या चोथ्यातून द्रावण वापरून काढलेलं आणि रिफाइंड केलेलं. ते फोडणीला ठीक, कच्च्या चिवड्याला नाही.

आता तुमच्या डब्याचं. फोडला नसेल तर अजून फोडू नका. आम्ही मार्चमध्ये फोडला, गॅसशेजारच्या फळीवर ठेवला, आणि जूनमध्ये त्याला जुन्या खोबऱ्यासारखा खवट वास. उरलेलं दोन लिटर तेल समईत जाळलं. उजेड, उष्णता आणि हवा, तिन्ही याचे वैरी. फोडायचाच असेल तर दोन-तीन घरांत वाटून घ्या. आपला वाटा कोरड्या, गडद रंगाच्या लहान बाटल्यांत तोंडापर्यंत भरून बूच घट्ट लावा, एकच बाटली वापरात ठेवा, बाकीच्या माठाजवळच्या अंधाऱ्या, गार कोपऱ्यात. डिसेंबरच्या थंडीत एखाद्या बाटलीत पांढरे कण दिसले तर घाबरू नका, घरातल्या उबेत आणलं की विरघळतात. 'फ्रिजमध्ये गोठलं तर असली' ही परीक्षाही कोणी सांगितली तर सोडून द्या, तिच्यावरून काही कळत नाही. नाकाला लावून बघा. कच्च्या कैरीसारखा, कापलेल्या गवतासारखा वास आला तर चिवड्याला आणि केकला ठेवा, खोबऱ्यासारखा आला तर समईला.