हिवाळ्यात पहाटे सायकल चालवताना कपडे कोणते घालावेत? जाड जॅकेट घेऊ का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात राहता, डिसेंबरपासून पहाटे साडेपाचला सायकल काढायची आहे आणि दुकानात एक गुबगुबीत जॅकेट हेरून ठेवलंय. ते घेऊ नका. किंवा घ्या, पण सायकलसाठी नको.

हीच चूक मी स्वेटर घालून केली होती. पहिल्याच हिवाळ्यात सिंहगडला निघाले तेव्हा आत सुती टी-शर्ट, वर आईने विणलेला जाडजूड स्वेटर, गळ्यात मफलर. खडकवासल्यापर्यंत मजेत गेले. गोळेवाडीचा नाका ओलांडला, घाट लागला आणि दोन किलोमीटरांत आतल्या आत आंघोळ झाली. स्वेटर काढला तर ठेवायचा कुठे? कमरेला बांधला, तर बाह्या मागच्या चाकाकडे लोंबायला लागल्या. पुन्हा घातला. वर पोचून ताक, भजी, गप्पा असं सगळं झालं आणि अर्ध्या तासाने उतरायला लागले, तर ओल्या टी-शर्टातून वारा असा शिरला की चौथ्या वळणापर्यंत बोटं ब्रेक दाबताहेत की नाही तेच कळेना. थंडी वाजली तर माणूस कुडकुडतो, बस. उतारावर ब्रेक कळेनासा झाला तर काम वेगळं असतं. थांबले. मागून येणारे एक साठीचे काका थांबले, खिशातून घडी घातलेलं वर्तमानपत्र काढलं आणि म्हणाले, "हे स्वेटरच्या आत छातीवर धर आणि चल." खाली येईपर्यंत छाती कोरडी-उबदार नसली, तरी दात वाजायचे थांबले होते.

ही युक्ती काकांच्या घरची नव्हती. युरोपातले शर्यतवाले आल्प्सचे घाट उतरताना कित्येक वर्षं हेच करत आलेत. माथ्यावर उभे असलेले बघे त्यांच्या हातात वर्तमानपत्रं द्यायचे. कागद ऊब देत नाही, वारा अडवतो. सायकलवर तेवढंच लागतं, कारण ऊब तुम्ही स्वतःच तयार करत असता.

आकड्यात सांगते. हवा 10 अंश असेल आणि तुम्ही ताशी 25 किलोमीटरने चालला असाल, तर उघड्या कातडीला ती साधारण 7 अंशांसारखी लागते. उतारावर वेग 40 झाला की 6. शिवाय अंगात घाम असेल तर त्याहून वाईट, कारण घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. सुती कापड घाम पिऊन बसतं आणि तासभर वाळत नाही. म्हणून उन्हाळ्यात कितीही लाडकं असलं तरी थंडीत सुती बनियन अंगाला लागून नको.

आता प्रत्यक्ष काय घालायचं. सगळ्यात आत अंगाला चिकटून बसणारा, घाम बाहेर सोडणारा पातळ पॉलिएस्टरचा टी-शर्ट. जिमला घालता तो चालेल. त्यावर पूर्ण बाह्यांची सायकलची जर्सी, पाठीला खिसे असलेली. त्यावर पातळ विंडचीटर, जो मुठीत मावेल आणि पाठीच्या खिशात जाईल. पावसाळ्यातला घरी असेल तर आधी तोच वापरून बघा. तो घाम बाहेर सोडत नाही हे खरं, पण चढावर चेन उघडी आणि उतारावर गळ्यापर्यंत बंद, असं केलं की निभतं. जॅकेटवर पैसे घालवण्याआधी दोन आठवडे असं चालवा, तुमच्या अंगाला किती लागतं ते कळेल.

घरातून निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. गेटपाशीच उबदार वाटत असेल तर एक कपडा जास्त झालाय. पहिली दहा मिनिटं सोसा.

पुण्यात आणखी एक भानगड आहे. पहाटे 9-10 अंश आणि दुपारी 28-30, अशी आपली थंडी. साडेनऊला परत येताना ऊन चटका देत असतं. त्यामुळे जे काढून खिशात घालता येत नाही ते घालूच नये. म्हणून मला हातांवर चढवायच्या सुट्या बाह्या फार आवडतात. सायकलच्या दुकानात वेगळ्या मिळतात, पण स्कूटीवर उन्हासाठी घालतो त्यांनीही माझे दोन हिवाळे निघाले. ऊन आलं की चालवता चालवता खाली सरकवायच्या.

शहरात सगळीकडे सारखंच तापमान असेल असं समजू नका. वेधशाळेचे आकडे बघा: एनडीए आणि पाषाणचं किमान तापमान बऱ्याचदा शिवाजीनगरहून कमी असतं आणि मगरपट्टा, वडगाव शेरीकडे चांगलंच जास्त. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर रात्री थंड, जड हवा खोलगट भागात साचते. म्हणून नदीकाठी हुडहुडी भरते आणि घाट थोडा चढल्यावर बरं वाटतं. ते फक्त दमल्यामुळे नसतं. उतरताना मात्र त्याच गारव्याच्या डबक्यात परत शिरायचं असतं, तेव्हा विंडचीटर माथ्यावरच घाला. खाली आल्यावर थंडी वाजेल तेव्हा घालू म्हणाल तर उशीर झालेला असतो.

हात आणि कान यांच्यात कंजुषी नको. हातमोजे पूर्ण बोटांचे हवेत, पण इतके जाड नकोत की गिअर कळणार नाही. कानटोपी हेल्मेटखाली बसत नाही. हेल्मेट वर उचललं जातं आणि मग ते डोक्यावर असून नसल्यासारखं. गळ्यात घालायची ती पातळ नळीसारखी पट्टी कानांवरून ओढून घ्या. मफलर अजिबात नको, त्याचं टोक चाकात गेलेलं मी पाहिलंय. पारदर्शक चष्मा घ्या, नाहीतर गार वाऱ्याने डोळ्यांतून पाणी वाहतं आणि अंधारातला खड्डा दिसत नाही. बुटाला जाळी असेल तर मोज्यावर ब्रेडची प्लॅस्टिक पिशवी चढवून बूट घाला. हसू नका, करून बघा.

पायांना फारसं लागत नाही, ते काम करत असतात. मी गुडघे झाकते, कारण गार गुडघ्याने चढ चढला की माझे दुसऱ्या दिवशी कुरकुरतात. ट्रॅक पँट घातलीत तर उजवा पाय मोज्यात खोचा, नाहीतर चेन ती खाते. गादीवाली चड्डी घेणार असाल तर तिच्या आत दुसरं काही घालायचं नाही, हे दुकानदार लाजून सांगत नाहीत म्हणून मी सांगते.

आणि विंडचीटर काळा घेऊ नका. साडेपाचला अंधार असतो, खडकवासल्याच्या बाजूला धुकं असतं आणि डंपरवाल्याला काळं जॅकेट दिसत नाही. पोपटी किंवा नारिंगी, पाठीवर चमकणारी पट्टी, शिवाय मागे लाल दिवा.

बाकी ते गुबगुबीत जॅकेट मनातून जातच नसेल तर घ्या आणि सायकलवरून आल्यावर गॅलरीत चहा पिताना घाला. घामेजल्या अंगाने बसल्यावर खरी थंडी तिथेच वाजते.