वाचकांचे प्रश्न : कात्रणावरून मूळ लेखाचा माग

प्रश्न : आमच्या शेजारी राहणाऱ्या एका वयस्कर गृहस्थांनी घर विकताना त्यांच्या मॉडेल रेल्वेचे बरेचसे सामान आणि कात्रणांची एक जाडजूड फाइल मला दिली. त्यात लाकूड कापण्याच्या गिरणीची एचओ प्रमाणातील (मूळ वस्तूच्या सुमारे १/८७ आकाराची) प्रतिकृती कशी करावी, यावरील लेखाची शेवटची दोन पाने आहेत. ‘आराखडा मागील पानावर पाहा’ असे त्यात म्हटले आहे, पण ते मागील पान फाइलमध्ये नाही. पानांची खालची कड कात्रीने उडवलेली असल्यामुळे मासिकाचे नाव, महिना, वर्ष यांपैकी कशाचाच पत्ता लागत नाही. उरलेला लेख शोधावा तरी कसा?
— एक वाचक, कोलंबस, ओहायो

उत्तर : प्रथम कात्रण उलटे करावे. लेख जपणाऱ्याने लेखाची बाजू जपलेली असते, पण काळ सांगते ती पाठीमागची जाहिरात. अमेरिकेत पाच आकडी झिप कोड (आपल्या पिन कोडसारखा) १९६३ च्या जुलैत सुरू झाला. त्यापूर्वी मोठ्या शहरांच्या नावापुढे एक किंवा दोन आकडी विभाग क्रमांक लिहीत आणि राज्याचे नाव ‘विस्.’ (विस्कॉन्सिन), ‘पेन्.’ (पेनसिल्व्हेनिया) असे मोडून लिहीत. राज्यांची दोन अक्षरी संक्षिप्त रूपे झिप कोडबरोबरच आली. तेव्हा आपल्या पानामागे ‘मिलवॉकी ३, विस्.’ अशा धर्तीचा पत्ता असेल, तर ते पान बहुधा १९६३ च्या आधीचे किंवा फार तर त्यानंतरच्या एकदोन वर्षांतले आहे, असे धरून चालावे. छोटे दुकानदार जुनाच मजकूर पुन्हा पुन्हा छापून घेत, म्हणून ही सवलत ठेवायची. पाच आकडे दिसले, तर शोध पुढच्या काळात करायचा. जाहिरातीत कोणत्या प्रमाणांचा माल आहे, हेही पाहावे. टीटी या एचओहून लहान प्रमाणाचे इंजिन विकायला आहे आणि त्याहूनही लहान एन प्रमाणाचा कुठेच उल्लेख नाही, तर ते पान १९५० च्या आसपासचे ते १९६० च्या दशकाच्या सुरुवातीचे असण्याचा संभव अधिक, कारण एन प्रमाण बाजारात आले ते १९६० च्या दशकात.

काळाचा अदमास आला की मासिकाचा प्रश्न येतो, आणि तिथे बहुतेक जण फसतात. अमेरिकेतील कोणत्याही हौशी माणसाला विचारले, की तो लेख ‘मॉडेल रेलरोडर’मध्येच वाचल्याचे तो छातीठोकपणे सांगतो. ए. सी. काल्मबाख यांनी १९३४ च्या जानेवारीत मिलवॉकीत सुरू केलेले हे मासिक एवढे घरोघर पोहोचले होते, की इतर मासिकांतील लेखही लोकांच्या आठवणीत त्याच्याच नावावर जमा झाले. प्रत्यक्षात ‘मॉडेल क्राफ्ट्समन’ त्याच्याही आधी, १९३३ मध्ये निघाले. त्यात सुरुवातीला जहाजे आणि विमानेही असत. १९४९ मध्ये त्याचे नाव ‘रेलरोड मॉडेल क्राफ्ट्समन’ झाले, त्यामुळे त्याआधीचा लेख नव्या नावाखाली शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. अरुंद रुळांच्या वेड्यांसाठी १९७५ पासून ‘नॅरोगेज अँड शॉर्ट लाइन गॅझेट’ निघू लागले, आणि बारीक मोजमापांचे आराखडे छापणारे ‘मेनलाइन मॉडेलर’ १९८० ते २००६ या काळात चालले. गिरणीसारखा विषय यांपैकी कुठेही निघू शकतो.

यानंतर सूचीकडे वळावे. अनेक मासिकांतील लेख लेखक, शीर्षक, विषय आणि मूळ रेल्वे कंपनी यांनुसार नोंदवलेली सूची या छंदात उपलब्ध आहे. शिवाय वर्षाअखेरीस मासिके स्वतःची वार्षिक सूचीही छापत. मात्र शीर्षकावरून शोधण्यात फार वेळ घालवू नये, असे माझे मत आहे. त्या काळच्या संपादकांना शाब्दिक कोट्यांची हौस होती, आणि ‘लाकूड गिरणी’ हे शब्द शीर्षकात असतीलच असे नाही. लेखकाचे नाव मिळाले तर ते सर्वांत भक्कम. उत्तर कॅरोलायनातील शार्लट येथे राहणारे ई. एल. मूर यांचेच उदाहरण घ्या. बाल्सा लाकूड, पुठ्ठा आणि घरातल्या फुटकळ वस्तू यांतून गमतीदार इमारती उभ्या करणाऱ्या या गृहस्थांनी शंभराहून अधिक लेख लिहिले, आणि ते एकाच मासिकात लिहिले नाहीत. त्यांच्या एखाद्या इमारतीचा लेख शोधणाऱ्याने एकच मासिक चाळले, तर तो लेख कधी छापलाच गेला नव्हता, असा त्याचा ग्रह होईल. आपल्या दोन पानांत लेखाच्या शेवटी नाव नसेल, तर छायाचित्रांच्या ओळींत बारीक अक्षरांत ते शोधावे.

सूचीने हात टेकले, तर जाणत्यांना विचारावे. नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन ही संस्था १९३५ पासून चालू आहे. तिचे स्थानिक विभाग आहेत आणि त्यांच्या बैठकांना येणाऱ्या ज्येष्ठ सभासदांच्या तळघरांत वर्षानुवर्षांचे अंक रचलेले असतात. पण विचारण्याचीही एक रीत आहे. ‘लाकूड गिरणीचा एक जुना लेख हवा आहे’ असे विचारले, तर सौजन्याने मान हलवली जाते आणि विषय तिथेच संपतो. त्याऐवजी पान क्रमांक सांगावा, एका छायाचित्राचे वर्णन करावे (छप्पर पत्र्याचे की फळ्यांचे, पाणचक्की आहे की बाष्पयंत्र, शेजारी ओंडक्यांची डबकी आहे का), जाहिरातीवरून काढलेला काळ सांगावा आणि आपण कोणते अंक आधीच तपासले, तेही सांगावे. छायाचित्रावरून लेख ओळखणारी माणसे या छंदात खरोखर आहेत, कारण त्यांनी ते चित्र डोळ्यांसमोर ठेवून कधीकाळी तीच गिरणी केलेली असते.

अंक कळला की प्रत मिळवणे तुलनेने सोपे. ‘मॉडेल रेलरोडर’चे १९३४ पासूनचे अंक डिजिटल रूपात पैसे भरून वाचता येतात. इतर मासिकांचे सुटे अंक जुन्या सामानाच्या मेळ्यांत मिळतात. हव्या त्या अंकाबरोबर त्यापुढचे तीन-चार अंकही पाहावेत, हे मी आग्रहाने सांगेन. ‘मॉडेल रेलरोडर’च्या ‘रेल्वे पोस्ट ऑफिस’ या पत्रांच्या सदरासारख्या ठिकाणी वाचक लेखकाच्या चुका बिनदिक्कत दाखवत, आणि आराखड्यातली एखादी चुकीची लांबी तिथेच दुरुस्त झालेली असते. पडद्यावरून छापलेला आराखडा तर मोजल्याशिवाय वापरूच नये. एचओमध्ये एका फुटाला साडेतीन मिलिमीटर धरतात, म्हणजे चाळीस फुटांची भिंत कागदावर १४० मिलिमीटर भरली पाहिजे. ती १३६ भरली, तर छपाईयंत्राने पान आखडून घेतले आहे.

आणखी एक सावधगिरी. जुन्या लेखांतली सामग्री डोळे मिटून आणू नये. ‘फ्लोक्विल’चे रंग २०१३ पासून बंद झाले आहेत, ती केवळ गैरसोय आहे. पण रूळ आणि मोटार पुसायला कार्बन टेट्राक्लोराइड वापरा, डोंगराच्या लगद्यात ॲस्बेस्टॉस मिसळा, असे सल्ले त्या काळी सर्रास दिले जात, आणि ते आज पाळणे हा आपल्या फुप्फुसांशी व यकृताशी खेळ ठरेल.

प्रश्न : मला जुन्या बार्शी लाइट रेल्वेची प्रतिकृती करायची आहे. ब्रिटिश मॉडेल रेल्वे मासिकांच्या सूचींत ‘बार्शी’ या नावाने शोधले, पण फारसे काही सापडले नाही. दुसरा काही मार्ग आहे का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : आहे. ‘लीक अँड मॅनिफोल्ड’ या नावाने शोधावे. १८९७ मध्ये सुरू झालेल्या बार्शी लाइनचे अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनीच पुढे इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात हा छोटा मार्ग बांधला. तो १९०४ मध्ये सुरू झाला आणि १९३४ मध्ये बंद पडला. गेज (दोन रुळांमधले अंतर) तेच, अडीच फूट. इंजिने बांधणारा कारखानाही तोच, लीड्सचा किटसन. दोन्ही टोकांना सज्जे असलेले लांब बोगी डबे आणि पुढे भला मोठा दिवा लावलेली इंजिने इंग्लंडच्या हिरव्या दरीत परकी वाटत, आणि कदाचित म्हणूनच ब्रिटिश हौशी मंडळींनी या मार्गावर भरभरून लिहिले व आराखडे काढले. १९२५ पासूनचे ‘मॉडेल रेल्वे न्यूज’, १९३४ ते १९८७ या काळातील ‘मॉडेल रेल्वे कन्स्ट्रक्टर’ आणि १९४९ पासून चालू असलेले ‘रेल्वे मॉडेलर’ ही तीन नावे आधी पाहावीत.

मात्र तिथले इंजिन जसेच्या तसे उचलू नये. लीक अँड मॅनिफोल्डची दोन्ही इंजिने २-६-४ चाकरचनेची (पुढची लहान, मधली जोडलेली आणि मागची लहान चाके यांची संख्या) होती, तर बार्शीची सुरुवातीची किटसन इंजिने ०-८-४ रचनेची. जोडचाकांची एक जास्त जोडी असलेले ते इंजिन चाकांच्या अंतरापासून वेगळे आहे. मोठ्या गेजच्या वाघिणी पाठीवर वाहून नेणारी बुटकी वाहने ही त्या इंग्लिश मार्गाची खासियत, तीही बार्शीवर उतरवू नयेत.

प्रमाणाचा हिशेब आधीच करून ठेवावा. ब्रिटिश आराखडे सहसा एका फुटाला चार मिलिमीटर अशा प्रमाणाचे असतात. त्या प्रमाणात अडीच फुटांचे गेज बरोबर १० मिलिमीटर येते, पण बाजारात सहज मिळतात ते ९ मिलिमीटरचे रूळ. साडेतीन मिलिमीटरच्या एचओ प्रमाणात मात्र हेच गेज पावणेनऊ मिलिमीटर येते आणि ९ मिलिमीटरचा रूळ जवळजवळ चपखल बसतो. म्हणून मी तरी एचओच निवडेन आणि प्रत्येक आराखड्याची झेरॉक्स ८७.५ टक्क्यांवर काढून घेईन. छोट्या गेजच्या मॉडेलकारांची ‘००९ सोसायटी’ १९७३ पासून आहे. तिथे पत्र लिहिताना आपण मूळ बार्शीचे रहिवासी असल्याचे अवश्य कळवावे. जुन्या स्थानकांची, माल धक्क्यांची छायाचित्रे आपल्याकडे असतील, तर आराखड्यांच्या बदल्यात ती तिकडे फार मोलाची ठरतील.

प्रश्न : वडिलांनी जमवलेले ‘रेल्वे मॉडेलर’चे १९६० ते १९८० या काळातील अंक घरात पडून आहेत. रद्दीत द्यावेत का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : पैशांच्या दृष्टीने विचारत असाल, तर फार अपेक्षा ठेवू नये, कारण या मासिकाचे १९४९ पासूनचे अंक वर्गणीदारांना डिजिटल रूपात वाचता येतात. तरीही वर्षवार यादी करून, कोणता अंक नाही तेही लिहून, ती आधी मॉडेल रेल्वेच्या हौशी मंडळींना दाखवावी. अंक द्यायचे तर पूर्ण द्यावेत, आवडते लेख कापून काढू नयेत, आणि बाइंडिंग तर मुळीच करू नये. बाइंडर मुखपृष्ठे व जाहिराती काढून टाकतो आणि दोन पानांवर पसरलेल्या आराखड्याचा मधला भाग शिवणीत गडप होतो. पिना गंजल्या असतील तर त्या तेवढ्या काढून टाकाव्यात.