गाडीवाल्यांचे प्रश्न: जुनी टर्बो सेडान घ्यायची तर आधी बिलांची फाईल बघा

नमस्कार सर. मी आणि माझा मोठा भाऊ मिळून एक जुनी टर्बो पेट्रोल सेडान घ्यायचं बघतोय, हौसेची गाडी म्हणून, रोजच्याला घरात दुसरी आहे. तीन बघून झाल्या. सांगलीत स्कोडाची २००५ ची ऑक्टेव्हिया आरएस, १ लाख ४० हजार किमी, तिसरा मालक. पुण्यात स्कोडाचीच २०१२ ची लॉरा आरएस, ९० हजार किमी, दुसरा मालक. आणि इथंच कोल्हापुरात फियाटची २०११ ची लिनिया टी-जेट, एकहाती, सगळी बिलं जपून ठेवल्यात पण ती बाकी दोघींपुढं साधी वाटते. भाऊ ऑक्टेव्हियावर अडून बसलाय, मी लॉरा म्हणतोय. कुठली घेऊ? (एक वाचक, राजारामपुरी)

भावा, तू जी गाडी सगळ्यात शेवटी लिहिलीस ती मी सगळ्यात आधी बघायला गेलो असतो. का ते सांगतो, पण आधी तिघींचं खरं काय ते बघू.

ऑक्टेव्हिया आरएस, म्हणजे तिचं जोरदार स्पोर्टी मॉडेल, आपल्याकडं २००४ ला आली. १.८ लिटरचं टर्बो इंजिन, एका सिलेंडरला ५ व्हॉल्व्ह म्हणजे एकूण २०, ताकद १५० पीएस (हॉर्सपॉवरसारखंच माप) आणि ५ गिअर. तिकडं युरोपात ह्याच आरएस नावाखाली १८० पीएस मिळायचे. २०११ ला लॉरा आरएस आली तेव्हा पण तसंच झालं, आपल्याला १.८ टीएसआय (स्कोडाचं नव्या पद्धतीचं टर्बो पेट्रोल इंजिन), १६० पीएस, २५० एनएम टॉर्क म्हणजे ओढ, आणि ६ गिअर, तिकडं २ लिटर आणि २०० पीएस. दोन्ही वेळा बिल्ला पूर्ण आला पण इंजिन एक पायरी खालचं आलं. पूर्ण ताकदीची आरएस आपल्याला थेट २०१७ ला मिळाली, २३० पीएसची, पण तिच्यात मॅन्युअल गिअर नाही, डीएसजी हा ऑटोमॅटिकच. लिनिया टी-जेट ह्या सगळ्यांत लहान, १३६८ सीसी, ११४ पीएस, २०७ एनएम, पण चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि गाडी बनलेली आपल्या रांजणगावात.

कागदावर बघितलं तर लॉराच जिंकते आणि हायवेला पण तीच जिंकते, कागलकडं जाताना तिसऱ्या-चौथ्या गिअरला ती जशी ओढते तशी बाकी दोघी ओढत नाहीत. पण पन्हाळ्याच्या चढाला वळणावळणात लिनिया चालवून बघ एकदा. दोन हजार आरपीएमच्या खाली ती झोपलेली असते, तिथनं वर गेली की एकदम पाठीत ढकलल्यासारखं होतं आणि स्टेअरिंग हायड्रॉलिक असल्यामुळं रस्ता हातात कळतो. ऑक्टेव्हियाची मजा वेगळी, तिचा टर्बो हळूच खालनंच लागतो, गाडी जड आणि ठाम बसते, आणि मागचं दार काचेसकट वर उघडतं त्यामुळं गावाकडनं येताना दोन पोती पण आरामात मावतात.

आता खर्चाचं. ऑक्टेव्हियाच्या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्हचा मेळ राखणारा पट्टा, आणि तो तुटला की पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आदळतात. हे मी वाचून सांगत नाही. माझी स्वतःची ऑक्टेव्हिया घेतली तेव्हा विकणाऱ्यानं बेल्ट नवा टाकलाय असं तोंडी सांगितलं, बिल मागितलं तर शोधून देतो म्हणाला, मी पण गाडीच्या नादात विषय सोडून दिला. सहाव्या महिन्यात गगनबावड्याला निघालो होतो, कळ्याच्या पुढं गाडी एकदम बंद, ना आवाज ना धक्का, नुसतं इंजिन मोकळं फिरतंय असं स्टार्टरला वाटायचं. टो करून आणली. हेड उतरवून उद्यमनगरात नेलं तिथं मिस्त्रींनी एकेक व्हॉल्व्ह काढून काचेवर ठेवला आणि बोटानं फिरवला, सरळ असेल तो एका जागी गरगरतो आणि वाकलेला असेल त्याचं डोकं भोवऱ्यासारखं हेलकावे खातं. एकेक करत निम्म्याहून जास्त व्हॉल्व्ह तसेच निघाले. जुना बेल्ट हातात घेतला तर दात पोपडे सुटल्यासारखे निघत होते, तो बेल्ट कधीच बदललेला नव्हता. तिथनं पुढं माझा एकच नियम, ज्याचं बिल नाही ते काम झालेलं नाही असंच धरायचं, समोरचा कितीही गोड बोलू दे.

म्हणून सांगलीच्या गाडीला बेल्ट, त्याला ताणून धरणारा टेन्शनर आणि वॉटर पंप ह्या तिन्हींचं एकत्र, पाच-सहा वर्षांच्या आतलं बिल नसेल तर तो खर्च किमतीतनं वजा करायचा आणि गाडी चालवत आणायची नाही, फ्लॅटबेडवर आणायची. आणि आरसी बघ. २००५ ची गाडी म्हणजे १५ वर्षं कधीच झाली, आता तिचं रजिस्ट्रेशन दर ५ वर्षांनी रिन्यू होतं, फिटनेस आणि पर्यावरण कर भरून, ते कुठल्या तारखेपर्यंत आहे हे आधी बघायचं.

लॉराला बेल्ट नाही, चेन आहे, त्यामुळं लोक निर्धास्त असतात आणि तिथंच फसतात. त्या काळातल्या टीएसआयच्या चेन टेन्शनरचा दोष जगभर माहिती आहे, पुढं कंपनीनं तो पार्ट सुधारला. पुण्याला जाशील तेव्हा मालकाला आदल्या दिवशीच सांग की मी यायच्या आधी गाडी सुरू करू नका. बॉनेटला हात लावून थंड आहे का बघ, मगच चावी फिरव. पहिल्या दोन-तीन सेकंदात साखळी डब्यात हलवल्यासारखा खरखर आवाज आला तर टेन्शनर गेला समज. दुसरं म्हणजे ही इंजिनं ऑइल खातात, तेव्हा मालकाला थेट विचार, दोन सर्व्हिसच्या मधे किती लिटर टॉपअप करता. जो 'काहीच नाही' म्हणतो त्याच्यापेक्षा जो आकडा सांगतो त्याच्यावर मी जास्त विश्वास ठेवीन.

आणि सांगली म्हटल्यावर एक गोष्ट विसरू नको, २०१९ चा ऑगस्ट. पंचगंगा आणि कृष्णेच्या त्या पुरात किती गाड्या पाण्यात होत्या ते आपण डोळ्यांनी बघितलंय. सीट पुढं सरकवून खालच्या रेलचे बोल्ट बघ, मॅटखालचा फेल्ट हातानं दाबून बघ, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढ, गाळाची रेष तिथं राहतेच. ऑक्टेव्हियाचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, वायपरच्या खालच्या खोबणीत असतो, तिथली पाणी जायची भोकं पाचोळ्यानं तुंबली तर पूर न येता पण त्यात पाणी जातं.

माझं मत विचारशील तर लिनिया. एकहाती, बिलांसकट, तुझ्याच गावातली. भारतात फियाटच्या गाड्या बंद झाल्यात त्यामुळं बॉडीचे पार्ट, लाईट, बंपर ह्यांना वाट बघायला लागते हे मान्य, पण इंजिन मजबूत आहे, हेच १.४ टर्बो पुंटो अबार्थमध्ये १४५ पीएस देत होतं. भावाला एकदा चालवायला दे आणि चढाला दे. त्याचं मन तरी ऑक्टेव्हियावरच राहिलं तर घ्या ऑक्टेव्हिया, पण ही सांगलीची नाही, फाईलवाली दुसरी मिळेपर्यंत थांबा.

माझ्या लॉरा १.८ टीएसआय मधनं सकाळी सुरू करताना निळा धूर येतो, मग थांबतो. गॅरेजवाला टर्बो बदला म्हणतोय, खर्च ऐकून झोप उडाली. (एक वाचक, इचलकरंजी)

दादा, थांबा, टर्बोला लगेच हात लावू नका. रात्रभर उभी राहून सकाळी पहिल्यांदाच धूर येतो आणि जातो, ह्याचा अर्थ बऱ्याचदा व्हॉल्व्हच्या सीलमधनं ऑइल खाली उतरलेलं असतं. टर्बोचा धूर बहुतेक वेळा वेगळा असतो, थोडा वेळ आयडलला ठेवून मग ॲक्सिलरेटर दाबला की मागं निळा लोट येतो, किंवा जोरात ओढताना येतो.

खात्री करायला एक साधं काम करा, तुमच्यासमोर करायला लावा. इंजिन गार असताना टर्बोच्या तोंडावरचा हवेचा पाईप काढायचा आणि आतल्या पंख्याचा नट दोन बोटांनी धरायचा. बाजूला किंचित हलला तर चालतं, कारण ती बेअरिंग ऑइलच्या थरावर तरंगणारी असते, गाडी सुरू नसताना थोडी ढिली लागणारच. पण पुढं-मागं, म्हणजे आत-बाहेर, खेळ लागला किंवा पंख्याची पाती घराला घासल्याची चकचकीत खूण दिसली तर मात्र गॅरेजवाला बरोबर आहे. त्याच वेळी इंटरकूलरचा (टर्बोची तापलेली हवा गार करतो त्याचा) पाईप उघडून आत ऑइल साचलंय का तेही बघून घ्या.

हा शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो आणि त्याला आधार फक्त ऑइलचा. म्हणून ऑइल ५डब्ल्यू-४० फुल सिंथेटिक, मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच, आणि बदलायचं ८ हजारला, १५ हजारची वाट बघायची नाही. हायवेनं जोरात आलात तर घरासमोर लगेच चावी काढू नका, मिनिटभर चालू राहू द्या. टर्बो तापलेला असताना आतलं ऑइल थांबलं की तिथंच जळून त्याची काजळी होते.

जपानमधनं जुनी मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन (इव्हो) किंवा सुबारू इम्प्रेझा मागवता येईल का? आणि सगळ्या जुन्या टर्बो सेडानमध्ये श्रेष्ठ कोणती? (एक वाचक, शिरोली)

मागवता येणार नाही. वापरलेली गाडी आणायची तर ती बनून ३ वर्षांपेक्षा जास्त झालेली नसावी असा नियम आहे, नव्वदच्या दशकातली गाडी त्यात कुठनं बसणार. आणि आपल्याकडं विकल्या गेलेल्या साध्या लान्सरला टर्बो नव्हता, तिला इव्होचा बंपर लावून विकायला काढलेल्या गाड्या दिसतात, त्यांच्या नादी लागू नका.

दुसरा प्रश्न मात्र माझ्या आवडीचा. सुरुवात मी स्वीडनच्या साबपासनं करतो, १९७८ ची ९९ टर्बो. तोपर्यंत टर्बो म्हणजे रेसचा नाहीतर मोजक्या वेगवान गाड्यांचा प्रकार होता, साबनं छोटा टर्बो आणि जास्तीचा दाब रोखणारं वेस्टगेट लावून रोज ऑफिसला न्यायची गाडी केली. मग फोर्डची सिएरा सॅफायर कॉसवर्थ, १९८८ ची, चार दारं, २०४ पीएस आणि ताकद फक्त मागच्या चाकांना, फोर बाय फोर १९९० ला आली. पावसात ती मागच्या चाकांवर चालणारीच माणसांना जास्त घाबरवायची. १९९२ ला इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स आणि लान्सर इव्होल्यूशन दोन्ही आल्या, दोन्ही २ लिटर, दोन्ही चारही चाकांना ताकद. कॉलिन मॅक्रे १९९५ ला इम्प्रेझात वर्ल्ड रॅली चॅम्पियन झाला आणि लगेच १९९६ पासनं सलग चार वर्षं टॉमी मॅकिनेन लान्सरमध्ये.

तुम्ही शिरोलीचे, तुमच्याकडं फौंड्रीतली माणसं असणारच, त्यांना हे पटेल. इव्होचं ४जी६३ आणि कॉसवर्थचं इंजिन, दोन्हींचे ब्लॉक बीडाचे, म्हणजे कास्ट आयर्नचे. टर्बोचा दाब वाढवत नेला तरी बीड सहन करतं, म्हणून तीस-तीस वर्षांची इंजिनं दुप्पट ताकदीला पण उभी आहेत. सुबारूचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा, सिलेंडर आडवे, त्यामुळं वजन खाली बसतं आणि गाडी वळणाला चिकटून जाते, पण साधे प्लग बदलायला पण चॅसीच्या बाजूनं हात घालून कसरत करायला लागते. मला एकच निवडायला सांगितली तर इव्हो, चौथ्या पिढीपासनं पुढची, कारण तिथनं मागच्या दोन चाकांत ताकद वाटून देणारी यंत्रणा आली आणि जड नाकाची गाडी वळायला लागली.

आमच्या ह्यांची २००५ ची ऑक्टेव्हिया मी पण चालवते. आता पंपावर सगळीकडं ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आहे, गाडीला त्रास होईल का? (एक वाचक, ताराबाई पार्क)

ताई, दोन गोष्टी वेगळ्या करून बघा. इथेनॉलमुळं ऑक्टेन वाढतो, त्यामुळं टर्बो इंजिनाला नॉकिंगचा, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून ठोके बसण्याचा, त्रास उलट कमी होतो, आणि आपल्या भागातल्या कारखान्यांतनंच ते येतं हेही खरं. पण तुमची गाडी त्यासाठी बनलेली नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणून ॲव्हरेज थोडं पडणारच. जास्त काळजी रबराची. टाकीपासनं इंजिनापर्यंतचे वीस वर्षांचे जुने फ्युएल होज आणि ओ-रिंग एकदा सगळे नवे, इथेनॉल चालणारे टाकून घ्या, जिथं पेट्रोलचा वास येतो तिथं तर आजच. आणि गाडी अर्ध्या टाकीवर पावसाळाभर उभी ठेवू नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पंधरा दिवसातनं एकदा रंकाळ्याला नाही, जरा लांब, कागलपर्यंत तरी फिरवून आणा.

लॉराला रिमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून, २०० पीएस होतात म्हणे. करू का? गाडी १ लाख १० हजार चालल्ये. (एक वाचक, गडहिंग्लज)

आधी चौथ्या गिअरला दोन हजारावर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून बघ. आरपीएम वर पळतंय आणि गाडी तिथंच असं झालं तर क्लच संपलाय, रिमॅपनं तो आठवड्यात जाईल. क्लच ठीक असेल तर कॉम्प्रेशन टेस्ट कर, चारी सिलेंडरचे आकडे जवळजवळ सारखे यायला पाहिजेत. मग प्लग, कॉइल, आणि इनटेक व्हॉल्व्हवरचा कार्बन साफ करून घे, ह्या इंजिनात पेट्रोल थेट सिलेंडरमध्ये जातं त्यामुळं व्हॉल्व्ह कधी धुतलेच जात नाहीत. एवढं करून गाडी चालव महिनाभर. त्यानंतर पण रिमॅप हवाच वाटला तर आकडे घेऊन परत लिही.